दार्जिलिंगचं पर्वतारोहण संग्रहालय बघताना

दार्जिलिंगला जाताय? मग गुरुवार सोडून, हे संग्रहालय जिथं आहे त्या जवाहर पर्वत टेकडीचा बेत आखा. गुरुवारी तिथं सगळं बंद. १९५४ साली स्थापन झालेल्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचं संग्रहालय प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात आहे, तिकीट एकच. लाल पांडा सकाळी जास्त हालचाल करतो, म्हणून लवकर पोचा. आत बरीच चढण आहे, आजी-आजोबांना दमानं न्या. संग्रहालयात हिमालयाची डोंगर-दऱ्या उंचसखल दाखवणारी प्रतिकृती आधी बघा, मग मोहिमांची दालनं नीट उमगतात. जुने बूट, दोर, बर्फकुऱ्हाडी बघून तर (इतक्या जड वस्तू घेऊन चढायचे!) थक्क व्हायला होतं. बाहेर एव्हरेस्टवर सर्वात आधी पोचलेल्या दोघांपैकी एक, तेनझिंग नोर्गे यांची समाधी आहे. स्वेटर हातात नको, अंगातच असू द्या.