ह्यू ग्लासची गोष्ट: दंतकथेतून इतिहास कसा वेगळा काढायचा

ऑगस्ट 1823. आजच्या साउथ डकोटात, ग्रँड नदीचे दोन फाटे मिळतात त्या भागात बीव्हरच्या फरसाठी सापळे लावणाऱ्या ह्यू ग्लासला ग्रिझ्ली अस्वलाने फाडले. राखणीला ठेवलेले दोघे त्याची बंदूक घेऊन निघून गेले. तरी तो फोर्ट कायोवा या व्यापारी ठाण्याला पोहोचला. एवढा गाभा पक्का आहे. बाकीचे तपासून घ्यावे लागते.

वहीत तीन रकाने आखा: तपशील, तो प्रथम कधी लिहिला गेला, लिहिणारा तिथे होता का. मग साधने सालवार लावा. जुलै 1824 मध्ये त्याच फर-व्यापारातल्या डॅनियल पॉट्सने पत्रात एक ओळ लिहिली: एकाला पांढऱ्या अस्वलाने फाडले, त्याला बंदुकीविना मागे सोडले, पुढे तो बरा झाला. नाव नाही, पण घटनेनंतर वर्षाच्या आतली म्हणून ही ओळ मोलाची. इथे हमखास चूक होते ती ‘पांढरे अस्वल’ वाचताना. तेव्हाचे शिकारी ग्रिझ्लीलाच तसे म्हणत. ध्रुवीय अस्वलाचा इथे काही संबंध नाही.

मार्च 1825 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘पोर्ट फोलिओ’ मासिकात जेम्स हॉलने सविस्तर हकीकत छापली. तीही ऐकीव. राखणीतल्या तरुणाचे नाव ‘ब्रिजेस’ असे 1839 मध्ये येते, आणि तो प्रसिद्ध वाटाड्या जिम ब्रिजरच, हे 1902 मध्ये इतिहासकार चिटेंडनच्या ग्रंथातून रूढ झाले. तब्बल 79 वर्षांनी आलेल्या नावापुढे ‘शक्य’ एवढेच लिहा, ‘सिद्ध’ नको.

आता नकाशा काढा. घटनास्थळापासून चेंबरलेन गावाजवळच्या फोर्ट कायोवाच्या जागेपर्यंत सरळ रेषेत सुमारे 320 किमी भरतात, नदीकाठाने जास्तच. प्रवास साधारण सहा आठवड्यांचा धरला, तर सरळ रेषेतही दिवसाला साडेसात किमी पडतात. अख्खी वाट रांगत हे जमणार नाही. सुरुवातीला रांगणे आणि अंगात बळ आल्यावर चालणे, हेच पटते. महिनाही पाहा: उन्हाळ्याची अखेर, म्हणजे रानात बोरांसारखी फळे होती. ग्लासवरच्या 2015 च्या ‘द रेव्हनंट’ चित्रपटातला बर्फ या वाटेवरचा नव्हे.

चित्रपटातला, पॉनी या मूळ अमेरिकी जमातीतल्या पत्नीपासून झालेला मुलगा आणि त्याचा खून याला पुरावा नाही. सूडाच्या शेवटालाही नाही: राखणीतला दुसरा माणूस फिट्झजेराल्ड तोवर सैन्यात भरती झाला होता, आणि जुन्या हकीकतींत ग्लास बंदूक परत घेऊन त्याला सोडून देतो. ग्लास मारला गेला तो 1833 च्या सुमारास, यलोस्टोन नदीकाठी, अरिकारा या मूळ अमेरिकी जमातीच्या हातून.

ग्लासच्या नावचे एकच पत्र उरले आहे, जून 1823 चे, अरिकारांच्या हल्ल्यात पडलेल्या जॉन गार्डनरच्या घरच्यांना लिहिलेले. ते अस्वलाच्या आधीचे आहे. म्हणून त्या हल्ल्यासाठी ते पुरावा धरा, अस्वलासाठी नाही.