खारजमीन की चोपण? खाचरातली माती ओळखताना

भरतीचे पाणी शिरलेल्या खाचरात मे महिन्यात पांढरा, जिभेला खारट लागणारा थर दिसला, म्हणून घाईने जिप्सम (माती सुधारायला घालतात ते खनिज) आणू नये. आधी वीतभर खोलीची माती सावलीत वाळवून तपासून घ्यावी. सामू (pH) 8.5 च्या आत आणि संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती कोकणातली नेहमीची खारजमीन होय. कोरड्या प्रदेशातल्या चोपण मातीचा सामू 8.5 च्या वर जातो, सोडियममुळे तिचे कण सुटतात, ओली असताना ती साबणासारखी बुळबुळीत लागते आणि पाणी मुरत नाही. जिप्सम खरे तिच्यासाठी. आपण मात्र बांधाची भगदाडे बुजवून, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप नीट बसवून, सुरुवातीच्या पावसाचे पाणी खाचरात कोंडावे आणि ओहोटीला सोडावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.