बुरशीच्या बायोफिल्मवर काम करायचंय? आधी हे वाचा

कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीच्या बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या तिच्या थरावर, वनस्पतींमधली संयुगं तपासण्याचं काम मी काही वर्षं करतेय. लॅबमध्ये नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली वनस्पती घेऊ?" लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, दारुहळदीतलं बर्बेरीन, सगळ्यांवर ढिगाने पेपर आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही या विषयावर बरंच काम झालंय. सायनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायच्या आधी ते वाचून काढा. आणि शक्यतो अर्काच्या नादी लागू नका, शुद्ध संयुग घ्या. अर्काची दर बॅच वेगळी निघते आणि नेमकं कशाने काम केलं, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही.

खरा प्रश्न आहे, संयुग कधी टाकणार? ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये बुरशीच्या पेशी सोडल्या की ३७ अंशांवर साधारण ९० मिनिटांत त्या तळाला चिकटतात. न चिकटलेल्या धुऊन ताजं आरपीएमआय हे पेशी वाढवायचं द्रव माध्यम घातलं की २४ तासांत तंतू आणि भोवतीचा चिकट थर मिळून बायोफिल्म मुरते. पहिल्याच मिनिटाला संयुग टाकलंत तर पेशी वाढल्याच नाहीत एवढंच कळतं. त्याला 'बायोफिल्म मोडली' म्हणणं ही फसवणूक, मग ती पेपरात छापून आलेली का असेना. चिकटताना, चिकटल्यावर आणि मुरल्यावर असं तिन्ही वेळा तपासा. मुरलेल्या थरातलं ग्लुकान हे शर्करायुक्त द्रव्य फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला अडकवून ठेवतं, त्यामुळे तिथे ते औषध जवळजवळ निष्प्रभ ठरतं. म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीचं काम करणारं औषध म्हणून, अँफोटेरिसिन बी ठेवा.

धुणं हे हाताचं काम, वाचून येत नाही. मुरलेला थर दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलून येतो. पिपेटचं टोक तळाला न लावता वेलच्या भिंतीला टेकवायचं आणि बफर हळूच सोडायचं. घाई केली की थर वाहून जातो, आकडा पडतो आणि श्रेय संयुगाला मिळतं!

आकड्यांचंही तसंच. एक्सटीटी या रंगाच्या चाचणीत जिवंत पेशी रंग नारिंगी करतात, पण वनस्पतींमधली बरीच पॉलिफेनॉल्स एकही पेशी नसताना तो रंग आणतात. हळदीतलं कर्क्युमिन मुळातच पिवळं, शिवाय पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पेशींशिवाय नुसतं संयुग घातलेली वेल हवीच, आणि ज्यात संयुग विरघळवतो त्या डीएमएसओची नुसती वेलही. थर मोजायला वापरतात तो क्रिस्टल व्हायोलेट हा रंग मेलेल्या पेशींनाही रंगवतं. एकट्या त्याच्यावर विसंबू नका. थायमॉलसारखी उडून जाणारी संयुगं शेजारच्या वेलमध्ये पोचतात, म्हणून कंट्रोल लांब ठेवा, जमलं तर वेगळ्या प्लेटमध्ये. या कंट्रोलवर मी फारच अडून बसते, असं लॅबमधले म्हणतात. म्हणू देत.

स्ट्रेन, म्हणजे बुरशीचा वाण, माहितीतला, सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मागवलेला घ्या. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून सापडलेली कॅन्डिडा ऑरिस २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घातक बुरशींच्या यादीत सर्वांत वरच्या गटात आहे, पण सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

आकडे चांगले आले की लगेच 'नैसर्गिक, म्हणून सुरक्षित' असं लिहायचा मोह होतो. अँफोटेरिसिन बीसुद्धा नैसर्गिकच, स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूपासून मिळालेलं, आणि ते मूत्रपिंडांना जाच करतं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून संयुगामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात का, ही चाचणी पहिल्या वर्षीच उरका. माणसाचं रक्त वापरणार असाल तर नैतिकता समितीकडे अर्ज आत्ताच टाका. त्या मंजुरीला बायोफिल्म मुरायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.