आवाज बंद, लेझर चालू

एमएस्सी फिजिक्स संपवून अंबड एमआयडीसीत लेझर मार्किंग मशीनच्या सर्व्हिसिंगला लागले आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडले. एका जुन्या याग (क्रिस्टलच्या रॉडचा लेझर) मशीनवर क्यू-स्विचचा, म्हणजे लेझरचे पल्स पाडणाऱ्या भागाचा, आरएफ ड्रायव्हर (त्याला रेडिओ-वारंवारतेची वीज देणारा डबा) मेला होता. "म्हणजे आता लेझर येणारच नाही," मी ठासून सांगितलं. आमचे सीनियर काका काही बोलले नाहीत. त्यांनी बेअरिंगची रिंग ठेवली आणि शटर उघडलं. लेझर आला, पण अक्षरांच्या जागी नुसता काळपट डाग उमटला.

क्यू-स्विच म्हणजे काचेसारखा क्वार्ट्झचा ठोकळा. त्याला चिकटवलेला पिझो, म्हणजे विजेने हलणारी चकती, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरतो. त्या ध्वनिलहरींनी ठोकळ्यात दाट-विरळ पट्टे तयार होतात, प्रकाश त्यांवरून बाजूला वळतो आणि कॅव्हिटीत, म्हणजे लेझरच्या दोन आरशांमधल्या जागेत, लेझर जमतच नाही. ऊर्जा रॉडमध्ये साठत राहते. आवाज थांबवला की ती एका झटक्यात, नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये बाहेर पडते. ड्रायव्हर मेला की साठवण संपते आणि मिळमिळीत सलग लेझर येतो.

असाच ठोकळा मॉड्युलेटर (प्रकाश चालू-बंद करणारा) म्हणून कॅव्हिटीबाहेर असेल तर बहुधा उलटं. तिथे वळलेला किरणच कामाचा असतो, म्हणून आवाज चालू तर प्रकाश चालू. मशीन उघडण्याआधी एवढं एक विचारा: ठोकळा आत आहे की बाहेर?

बाहेरच्या मॉड्युलेटरच्या अलाइनमेंटला, म्हणजे किरण जुळवायला, बसण्याआधी कागदावर हिशेब करा. टेल्युरियम डायऑक्साइडच्या क्रिस्टलमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे ४,२०० मीटर धावतो. ८० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ५२ मायक्रॉन. ६३३ नॅनोमीटरचा लाल किरण १ मीटरवर मूळ ठिपक्यापासून १२ मिलिमीटर सरकतो. कार्डावर तिथेच शोधा, आणि क्रिस्टल केसभर-केसभर फिरवत तो ठिपका जास्तीत जास्त उजळ करा. मी हिशेब न करता अख्खी दुपार भिंतीवर ठिपका शोधला होता. १ मिलिमीटर जाडीचा किरण ओलांडायला ध्वनीला सुमारे २४० नॅनोसेकंद लागतात. स्विच जलद हवा असेल तर किरण बारीक करा, पण फार केलात तर वळणारा प्रकाश घटतो.

मुलाखतीत ब्रॅग (वळलेला किरण मुख्यतः एकच) आणि रामन-नाथ (दोन्ही बाजूंना अनेक किरण) यांतला फरक विचारतात. सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळुरूत ध्वनीने प्रकाश वळण्यावर शोधनिबंध लिहिले. पाठ करू नका, दोन्ही आकृत्या हाताने काढा.

यागचा १,०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही. गॉगल त्याच तरंगलांबीला अडवणारा हवा. क्यू-स्विच थंड ठेवणारं पाणी वाहतंय याची खात्री झाल्याशिवाय आरएफ देऊ नका, आणि ड्रायव्हरची केबल ठोकळ्याला जोडल्याशिवाय तर नाहीच. उघड्या टोकावरून पॉवर उलटी फिरते आणि ड्रायव्हरचा ट्रान्झिस्टर जातो. माझ्या हातून गेलेला एक काकांच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. नवीन पोरगं आलं की ते तो बाहेर काढतात.