भाडोत्री अंगरक्षकांची लष्करी विज्ञानकथा कशी लिहावी

राजकीय नेत्याचे रक्षण करणाऱ्या भाडोत्री सैनिकांवर विज्ञानकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा शस्त्रांपासून सुरुवात करतो. मीही तेच केले होते. माझ्या पहिल्या मसुद्यात चिलखतांच्या वर्णनाला चार पाने दिलेली होती आणि ती चिलखते घालणाऱ्यांना पगार कोण देतो याचा उल्लेख एकदाही नव्हता. कथा साभार परत आली आणि तक्रारीला जागा नव्हती. पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून ठरल्या आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

पहिली पायरी : आधी करारनामा लिहा

कथेचे पहिले वाक्य सुचण्याआधी एका पानावर अंगरक्षकांचा करारनामा लिहून काढा. तो कथेत छापायचा नाही, पण कथा त्यातूनच निघणार आहे. पगार कोण देतो, किती दिवसांनी देतो, मागची थकबाकी किती आहे, हुकूम कोणाचा चालतो, नेत्याची सत्ता गेली तर रक्षण व्यक्तीचे करायचे की पदाचे, आणि गोळी चुकून एखाद्या निरपराध माणसाला लागली तर खटला कोणत्या कायद्याने चालणार, या प्रश्नांची उत्तरे त्या पानावर असली पाहिजेत. शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात अमेरिकी सरकारने नेमलेल्या खासगी अंगरक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. त्या वेळी अशा कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून संरक्षण होते, त्यामुळे खटला अमेरिकेत चालला आणि दोषी ठरवायला २०१४ साल उजाडले.

पगाराच्या प्रश्नावर मराठी लेखकाला फार लांब जावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी हे पेशव्यांच्याच नोकरीतले पगारी शिपाई होते, आणि थकलेला पगार मागण्याच्या निमित्तानेच ते वाड्यात घुसले. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका सर्वांना पाठ असते. विज्ञानकथेच्या लेखकाने त्या एका अक्षरापेक्षा थकबाकीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण पगार थकलेला नसता तर गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग याला माणसे घेऊन दरवाज्याशी जमायला निमित्तच उरले नसते. कारस्थान वरच्या मजल्यावर शिजते, पण ते खालपर्यंत पोहोचायला जिना लागतो, आणि तो जिना हिशेबाच्या वहीत असतो.

याच्या उलट उदाहरणही हाताशी ठेवा. ६ मे १५२७ रोजी रोमवर चाल करून आलेल्या सैन्यापुढे पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ जण लढत पडले आणि उरलेल्या ४२ जणांनी सातव्या क्लेमेंटला तटावरच्या वाटेने सांत आंजेलोच्या किल्ल्यात सुखरूप नेले. तेही पगारीच होते. मग एक तुकडी मरते आणि दुसरी मारते, ते का? माझा अंदाज असा की स्विस शिपायांच्या मागे त्यांचे प्रांत उभे होते. भाडोत्री सैन्य पुरवणे हा त्या प्रांतांचा मोठा व्यवसाय होता आणि एका तुकडीने पाठ दाखवली असती तर बाजारातली पत गेली असती. तुमच्या अंगरक्षकांच्या मागे कोण आहे, ही ओळ करारनाम्यात सर्वांत वर लिहा.

शिलेदार आणि बारगीर हा मराठी फौजेतला फरकही इथे फार उपयोगी पडतो. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई, त्यामुळे घोडा मेला तर नुकसान त्याचे स्वतःचे होई. घोड्याच्या जागी अंतराळचिलखत ठेवून पाहा. चिलखत कंपनीचे असेल तर रक्षक ते गोळ्यांपुढे बेलाशक घालील, आणि कर्ज काढून घेतलेले, अजून हप्ते चालू असलेले स्वतःचे असेल तर त्याचे पाऊल अर्धा क्षण अडखळेल. हा अर्धा क्षण तुम्हाला पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी : एक जागा निवडा आणि तिचे गणित करा

‘एका दूरच्या ग्रहावर’ असे लिहून सुटका करून घेऊ नका. खरी जागा घेतली की निम्मे काम तीच करते. उदाहरणासाठी सेरेस हा लघुग्रहांच्या पट्ट्यातला सर्वांत मोठा गोल घेऊ. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम ३ टक्के आहे. तेथे खाणकामगारांची वसाहत आहे, तिची एक निवडून आलेली अध्यक्षा आहे आणि तिच्याभोवती सहा भाडोत्री रक्षक आहेत, असे समजू.

आता गणित करा. सेरेसवरून कायमचे निसटायला सेकंदाला सुमारे ५१० मीटर वेग पुरतो. रायफलीची गोळी त्याहून वेगाने जाते, म्हणजे उघड्यावर नेम चुकलेली गोळी परत खाली येतच नाही. पिस्तुलाची गोळी थोडी वर रोखून झाडली तर शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडेल, कदाचित दुसऱ्या वसाहतीच्या छपरावर. निर्वात जागेत बंदूक उडते, कारण दारूत स्वतःचा ऑक्सिडीकारक, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ असतो, पण आवाज मात्र पोहोचत नाही. चिलखतासह सव्वाशे किलो वस्तुमानाच्या माणसाने दहा गोळ्यांची फैर झाडली तर तो सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने मागे सरकू लागेल, आणि धक्का खांद्यावर बसत असल्याने उलटाही होईल.

कायद्याकडेही एकदा पाहून घ्या. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातील सहाव्या कलमानुसार अवकाशातील खासगी संस्थांच्या कामांची जबाबदारी त्या त्या देशावर असते आणि त्यासाठी देशाची परवानगी व देखरेख आवश्यक असते. तुमच्या रक्षक कंपनीचा परवाना पृथ्वीवरच्या कोणत्या सरकारने दिला आहे आणि ते सरकार अध्यक्षेच्या बाजूचे आहे का, हे एवढ्यानेच ठरवावे लागते.

तिसरी पायरी : अंगरक्षकाचे काम समजून घ्या

चकमक जिंकणे हे सैनिकाचे काम असते. अंगरक्षकाचे काम आपल्या माणसाला चकमकीतून बाहेर काढणे हे असते. नवे लेखक इथेच घसरतात आणि रक्षकांना हल्लेखोरांच्या मागे धावायला लावतात. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर १.७ सेकंदांत ६ गोळ्या झाडल्या गेल्या. जेरी पार या रक्षक अधिकाऱ्याने त्यांना मोटारीत ढकलले, तर दुसरा रक्षक टिमोथी मॅकार्थी हात पसरून आडवा झाला आणि एक गोळी त्याने पोटात घेतली. मोटार व्हाइट हाउसकडे निघाली होती, पण रेगन यांच्या तोंडातून फेसाळ रक्त येताना दिसताच पार यांनी ती रुग्णालयाकडे वळवली. त्या दिवशीचा सर्वांत मोठा निर्णय बंदुकीचा नव्हता, रस्त्याचा होता.

आता हाच प्रसंग सेरेसवर नेऊन ठेवा. पृथ्वीवर ‘खाली!’ म्हणताच माणूस अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो. सेरेसवर मीटरभर खाली पडायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि सहा गोळ्या त्याआधीच झाडून होतात. म्हणजे अंगरक्षकांचा सर्वांत जुना हुकूम तिथे निरुपयोगी ठरतो. मग तुमच्या रक्षकांनी काय शोधून काढले आहे? माझ्या दुसऱ्या मसुद्यात अध्यक्षेच्या चिलखताला पाठीवर एक कडी होती आणि तीतून निघालेली दोरी सतत एका रक्षकाच्या पट्ट्याला बांधलेली असे. हल्ला होताच तो रक्षक भिंतीला पाय लावून तिला स्वतःकडे खेचून घेई. त्या दोरीमुळे कथाही मिळाली, कारण ज्याच्या पट्ट्याला दोरी आहे त्याचेच चिलखत हप्त्यावर घेतलेले असेल तर काय, हा प्रश्न आपोआप समोर आला. चिलखत, लेझर आणि ड्रोन यांच्या याद्यांपेक्षा अशी एक दोरी अधिक मोलाची असते.

चौथी पायरी : तुकडी लहान ठेवा

सहा रक्षक पुरे. त्यांतले दोघे नीट लिहा, बाकीच्यांना एकेक सवय द्या. हल्ल्याआधीचा कंटाळा मात्र अवश्य लिहा, कारण या नोकरीचा बहुतेक वेळ दारात उभे राहण्यात आणि लोकांच्या चेहऱ्यांऐवजी हातांकडे पाहण्यात जातो.

पाचवी पायरी : भाषा ठरवा

मराठी लष्करी विज्ञानकथा भाषेत जितकी अडकते तितकी विज्ञानात अडकत नाही. ‘प्रक्षेपकास्त्र सज्ज करा’ असे कोणताही रक्षक गोळ्या सुटत असताना म्हणणार नाही. ज्या गोष्टीला लोक रायफल म्हणतात तिला रायफलच म्हणू द्या, आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवून हुकूम तुटक ठेवा. एक नमुना पाहा.

“बाईसाहेब, उजवीकडची भिंत धरा.”
“सभा अर्धी राहिली आहे.”
“भिंत धरा. दोरी ताणतोय.”
“तुमचा पगार आला का?”
“नाही आला. हात आत घ्या.”

रक्षक तिला ‘बाईसाहेब’ म्हणतो आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते. हे अंतर कथाभर सांभाळा, आणि ते मोडायचे असेल तर एकदाच, ठरवून मोडा. आपसात रक्षक अर्थातच ‘अरे-तुरे’ करतील.

सहावी पायरी : फितुरीची तयारी उघड्यावर करा

वाचक पहिल्या पानापासून फितुरीचीच वाट पाहत असतो, त्यामुळे ती लपवण्यात अर्थ नाही. पगार थकला आहे हे सर्वांना ठाऊक असू द्या. दुसऱ्या बाजूने आलेला देकारही सहाही जणांपुढे येऊ द्या, त्यावर जेवताना चर्चा होऊ द्या, आणि अध्यक्षेलाही ती कळू द्या. पृथ्वीवरच्या कंपनीला विचारावे तर सेरेसपासून संदेश एका बाजूने पोहोचायलाच सुमारे पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. म्हणजे सवालजवाबात अर्ध्या तासापासून तासापर्यंत वेळ जातो आणि निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. जुन्या फौजांत थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. तुमचे सहा जण ज्या दाराचे रक्षण करतात त्याच दारात धरणे धरून बसले, तर पहारा चालू आहे असे म्हणायचे की नाही? मी या प्रसंगाला आठ पाने दिली आणि हल्ल्याला तीन.

सातवी पायरी : मसुदा पेन्सिलीने तपासा

पूर्ण मसुदा कागदावर घ्या. जिथे वजन, वेग किंवा अंतर येते तिथे फुली करा आणि प्रत्येक फुलीचे गणित पुन्हा मांडा. मग करारनाम्याचे पान शेजारी ठेवून त्यातले कोणते कलम कथेत कधीच मोडले गेले नाही ते पाहा, आणि असे कलम पानावरून काढून टाका. शेवटचा प्रसंग हल्ल्यानंतरच्या पगाराच्या दिवशी ठेवा. हजेरीपत्रकावर सहाऐवजी चार नावे असतील, एकाच्या चिलखताचे हप्ते त्याच्या बायकोच्या नावावर वळते झालेले असतील, आणि अध्यक्षा सही करण्यापूर्वी थकबाकीचा रकाना बोटाने खालपर्यंत वाचत असतील.