नामिबमधला धुके पिणारा भुंगा कसा पाहावा

नामिबियातल्या नामिब वाळवंटात गोबाबेबला वर्षाकाठी सरासरी २५ मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तरीही तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर ओनिमॅक्रिस उंगुइक्युलॅरिस हा काळा, लांब पायांचा भुंगा जगतो, कारण अटलांटिकवरून येणारे धुके तो अंगावर झेलून पितो.

आधी परवाना काढा. गोबाबेबचे संशोधन केंद्र किनाऱ्यापासून सुमारे ५५ किमी आत, कुइसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी, नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात आहे. मुक्कामाचेही केंद्राशी आधीच बोलून घ्या. धुके रोज येत नाही, म्हणून हाताशी काही रात्री ठेवा.

धुके उतरले की उजाडायच्या आत टेकडी गाठा. एरवी हा भुंगा दिवसा हिंडतो आणि रात्री टेकडीच्या वाऱ्याआडच्या सुट्या, घसरत्या वाळूत गाडून घेतो. धुक्याच्या रात्री मात्र गारठ्यातही बाहेर पडतो आणि हळूहळू माथा चढतो. म्हणून त्या उतारावर आणि माथ्यावर पाय ठेवूच नका. बाजूने या, थोडे अंतर राखून खाली बसा, प्रकाश लाल आणि मंद ठेवा.

आता नीट पाहा. भुंगा वाऱ्याकडे तोंड करतो, डोके खाली घालतो, मागची बाजू उंच उचलतो आणि तसाच थांबतो. धुक्याचे कण पाठीवर साचतात, त्यांचे थेंब होतात आणि घरंगळत तोंडाशी येतात. हॅमिल्टन आणि मेरी सीली या संशोधकांनी १९७६ मध्ये नोंदवले, की एका धुक्यात भुंग्याचे वजन सरासरी १२ टक्के वाढते. एकाचे तर ३४ टक्के वाढले होते.

पाठीवरच्या उंचवट्यांनी धुक्यातले पाणी टिपणाऱ्या स्टेनोकारा या दुसऱ्या भुंग्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. उंचवटे शोधू नका, उभे राहण्याची ढब शोधा. २०१० च्या एका अभ्यासात पाणी गोळा करण्याच्या बाबतीत गुळगुळीत आणि खडबडीत पाठींत ठळक फरक आढळला नाही, आणि धुक्यात असे ओणवे उभे राहणे ओनिमॅक्रिसच्या दोनच जातींत माहीत आहे.

येता-जाता वाळूत कोरलेल्या बारीक चऱ्या दिसल्या तर त्या ओलांडताना जपा. लेपिडोकोरा नावाचे चपटे भुंगे धुक्याच्या वाऱ्याला आडवे चर खणतात आणि त्यांच्या कडांवर साचलेली ओल शोषतात.

धुके आलेच नाही तर ऊन चढल्यावर पुन्हा जा. वाऱ्याने आणलेल्या वाळक्या गवताचे तुकडे खात हेच भुंगे उताराच्या पायथ्याशी फिरताना दिसतील.