पदवीनंतर एमबीए की एम.कॉम.? आधी काम ठरवा

लातूर-नांदेडकडची मुलं शेवटच्या वर्षाला आली की मला हाच प्रश्न विचारतात. माझं सांगणं एकच असतं: आपल्याला कसलं काम करायचंय ते आधी ठरवा, पदवी त्यावरून ठरते.

हिशेब, ऑडिट, कर यात रमणाऱ्यांनी किंवा नेट-सेट देऊन कॉलेजात शिकवायचं असेल त्यांनी एम.कॉम.ला कमी लेखू नये. खर्चही बराच कमी येतो. एमबीएला पहिल्या वर्षी मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ, ऑपरेशन्स असं सगळंच थोडं थोडं असतं, दुसऱ्या वर्षी त्यातलं एक निवडायचं. शाखेची अट नाही. माझ्या वर्गात बी.एस्सी. ॲग्रीवाले आणि इंजिनिअर एकाच बाकावर बसायचे.

एमबीए ही विद्यापीठाची पदवी. मुंबई विद्यापीठात तिच्या जागी एमएमएस ही पदवी असते. पीजीडीएम ही स्वायत्त संस्थेची पदविका. तिला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का ते बघाच, आणि पुढे पीएच.डी. करायची असेल तर ती एमबीएशी समकक्ष धरली जाते का हेही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पहिल्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपने. बियाण्याच्या कंपनीत होतो, जालना जिल्ह्यातली कृषी सेवा केंद्रं फिरायची. दुकानदार मे-जूनमध्ये माल भरतो, शेतकऱ्याला उधारीवर देतो, आणि वसुली सोयाबीन आडतीवर गेल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मधल्या काळात कंपनीचं देणं त्यानं कुठून भागवायचं? एका दुकानदारानं उधारीची वही उघडून समोर ठेवली. गावनिहाय पानं, नावापुढे पिशव्या, आणि पावसानं दगा दिला त्या वर्षीची बाकी पुढच्या पानावर ओढलेली. वर्गात खेळत्या भांडवलाची गणितं सोडवली होती, पण पैसा अडकतो म्हणजे नेमकं काय होतं ते त्या वहीत दिसलं. फायनान्स घ्यायचं तिथेच पक्कं झालं. आपल्याकडच्या मुलांनी आडत, डाळमिल, जिनिंग लहानपणापासून बघितलेलं असतं. मुलाखतीत त्यावर बोला, समोरचे मन लावून ऐकतात.

आता प्रवेश. एमबीएसाठी राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, असते. तिच्यात 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडू नका. त्यातले 75 तर्काचे असतात, सराव तिथून सुरू करा. पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे रोज इंग्रजी वाचायची सवय आधीच लावून घ्या.

कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, प्रवेश घ्या, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निदान निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ते मिळत नाही. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रांसाठी निकालाची वाट बघत बसू नका. वैधतेला महिनोन्‌महिने लागतात, आणि चांगले गुण असूनही जागा हातची जाते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकावर थांबू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: इंटर्नशिप कॉलेजनं मिळवून दिली की स्वतः शोधली, गेल्या वर्षी कोणत्या कंपन्या आल्या, आणि नेमकं कोणत्या कामावर घेतलं.